पुढचा दात आणि आठच्या आधीची गाडी

तीर्थरूप मामांच्या पायांशी टिटवीचा नमस्कार. (पायांशी म्हणजे या कागदावर. प्रत्यक्षात हल्ली कुणीच कुणाच्या पायांपर्यंत पोचत नाही. आशीर्वादसुद्धा चार हात लांबून झेलावा लागतो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा उजवा कान उघडला का, की अजून त्या कानाला तुमचंच तेवढं ऐकू येत नाही? आम्ही दोघी ठणठणीत आहोत. आईचा दमा आटोक्यात आहे, आईची धुणीपुसणी मात्र आटोक्याबाहेर गेली आहे. दारात आलेली प्रत्येक वस्तू आधी उन्हात, मग साबणात आणि त्यानंतर बराच वेळ संशयात ठेवली जाते. वर्तमानपत्राला ती इस्त्री करते. कांदे तर इतके धुते, की चिरताना डोळ्यांत कांदा कमी आणि साबण जास्त जातो.

आता मुद्द्याचं. मामी फोनवर आईला म्हणाल्या म्हणे, की टिटवीचं तोंड बंद पडल्याचं कळल्यापासून ह्यांची तब्येत एकदम सुधारली आहे. मामा, टिटवी हे नाव मला तुम्हीच ठेवलंत, मी पाळण्यात असताना, त्यामुळे तुम्हाला आनंद होणं मी समजू शकते. पण माणसाने अफवेवर आनंद मानू नये. तोंड बंद पडलं नव्हतं. उलट ते नको तितकं उघडं पडलं होतं, आणि ते कसं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच माझं तिखटमीठ लावून कळवते. मामींनाही वाचून दाखवा, डाव्या बाजूला बसून.

साथ आल्यापासून आमच्या बसस्थानकातून निम्म्याच गाड्या सुटतात. दवाखान्यातल्या नर्सबाया, पाणीवाले, वीजवाले, असे ज्यांना घरी बसून चालत नाही त्यांच्यासाठी. घोषणा करायला मात्र पूर्वीसारखी मी एकटीच. माझी ती काचेची खोली तुम्ही पाहिली आहेत. तीत मी, माइक आणि मान हलवणारा टेबलपंखा. कुणी आत येत नाही, मी कुणाकडे जात नाही. आईच्या मते आमच्या स्वयंपाकघरानंतर जगात तेवढी एकच जागा स्वच्छ आहे. तर त्या सकाळी मी हातांना सॅनिटायझर लावायला नवी बाटली घेतली. झाकणावरचं प्लॅस्टिक निघेना. नखं लावून झाली, किल्ली लावून झाली, शेवटी ते दातांत धरलं आणि मानेला एक हिसका दिला. प्लॅस्टिक जागच्या जागी राहिलं आणि माझ्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा टेबलावर येऊन पडला. जंतूंपासून हात वाचवायला गेले आणि दात देऊन बसले! (इथून उघडा असं सांगणारा बाण त्या प्लॅस्टिकवर होता. मी दात लावले त्याच्या बरोबर पलीकडच्या बाजूला.)

दुखलं असं फारसं नाही. जीभ तेवढी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन बघून येत होती. जीभ ही मोठी चौकस जात, तिला घरात काही बदललेलं खपत नाही. मी म्हटलं, तोंडावर मास्क आहे, वर काचेची खोली आहे, माझे दात बघायला येतंय कोण? आणि माइक सुरू केला. आमची ठरलेली घोषणा तुम्ही ऐकली नसेल म्हणून इथे उतरवते. सर्व सन्माननीय प्रवाशांना सविनय सूचना, संसर्गाचा संभाव्य प्रसार रोखण्यासाठी सुरक्षित सामाजिक अंतर सांभाळावे, मास्क सदैव वापरावा, साबणाने अथवा सॅनिटायझरने हात स्वच्छ करावेत व सहकार्य करावे. ज्याने कुणी ही लिहिली त्याला स या अक्षराचा काहीतरी वैयक्तिक लोभ असावा. एरवी मी ती झोपेत म्हणते. पण त्या दिवशी पहिल्याच 'सर्व'ला माझ्या दाताच्या फटीतून अशी सणसणीत शिट्टी निघाली, की मी स्वतःच मागे वळून पाहिलं. कर्ण्यांनी ती घेतली, दहापट केली आणि स्थानकभर फिरवली.

आता आमच्याकडे गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या असतात. निघताना त्या आधी मागे घ्याव्या लागतात, आणि मागून कुणीतरी शिट्टी वाजवली की ड्रायव्हर गाडी मागे घेतो. सवयच ती. शिट्टी कोणाची, कुठून आली, याची चौकशी कुणी करत नाही, हात आपोआप गिअरवर जातो. 'सर्व सन्माननीय' म्हणताच दोन गाड्या मागे निघाल्या. 'सविनय सूचना'ला आणखी दोन. मला वाटलं आज मंडळी फारच तत्पर आहेत, म्हणून मी पुढे म्हणत गेले. 'सुरक्षित सामाजिक अंतर सांभाळावे' होईपर्यंत स्थानकातल्या सगळ्या गाड्या मधल्या पटांगणात एकमेकींना पाठ दाखवून उभ्या होत्या, प्रवासी पिशव्या सांभाळत त्यांच्यामागे धावत होते, आणि एका गाडीने हात धुण्याचं पिंप आडवं केल्यामुळे सगळ्यांचे पायच धुऊन निघाले होते. आमचे एक ड्रायव्हर आहेत, हॉर्नवरून हात उचलत नाहीत म्हणून त्यांना सगळे भोंगा म्हणतात. ते तर गाडी घेऊन फाटकाबाहेरच पडले. बाजाराच्या चौकात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज गाडीत जरा जास्तच शांतता आहे. प्रवासी नव्हते ते नव्हतेच, कंडक्टरसुद्धा फलाटावर राहिला होता.

कंट्रोलरसाहेब काचेपाशी आले. (त्यांची मिशी मास्कमध्ये मावत नाही, दोन्ही बाजूंनी बाहेर येते, आणि रागावले की ती वरखाली होते.) त्यांनी काचेवर टकटक केली. मी घाईघाईने म्हटलं, "सॉरी साहेब." माइक सुरूच होता. दोन स, दोन शिट्ट्या, आणि इतकी खटपट करून पुन्हा फलाटाला लावलेली एक गाडी परत मागे आली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने आतल्या दारामागूनच ऐकलं, कारण कामावरून आलं की आंघोळ होईपर्यंत मी आमच्या घरात परकी असते. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हटलं तर तिने साफ नकार दिला. "दात येतात आणि जातात. फुप्फुसं एकदाच मिळतात," म्हणाली. मलाही ते पटलं. मामा, खरं सांगते, मला भीती माझी नव्हती. तिथे तोंड उघडं टाकून बसायचं, आधी कोण बसून गेलं ठाऊक नाही, आणि तिथून काही घेऊन घरी आले आणि ते तिला लागलं तर? रात्री तिचा श्वास मोजत झोपणाऱ्या माणसाला असले विचार सुचतात. दात राहू दे तसाच, असं ठरलं.

मग मी एक युक्ती काढली. स सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा! बस म्हणायची सोय नाही, गाडी म्हणा. प्रवासी म्हणायची सोय नाही, मंडळी म्हणा. मास्क, साबण, सॅनिटायझर, सुरक्षित, सगळं बाद. आणि आपले पूर्वज वेळ मोजायला बसले तेव्हा त्यांना स सोडून दुसरं अक्षर सापडलंच नव्हतं की काय कोण जाणे! सहा आहे, सात आहे, सव्वा आहे, साडे आहे. सातची गाडी मी 'आठच्या आधीची गाडी' म्हणून पुकारू लागले. साडेनऊची झाली 'नऊ आणि वर अर्धा'. आणि त्या लांबलचक सूचनेच्या जागी मी जमेल ते बोलत गेले, ते असं: मंडळी, ऐका. तोंड झाका, नाक झाका. नाक बाहेर काढू नका, ते कुणाला बघायचं नाहीये. एकमेकांना चिकटू नका. हात धुवा. काम नाही? मग घरी जा.

मला वाटलं, तक्रारी येतील. आल्या नाहीत. उलट पहिल्याच दिवशी मी काचेतून पाहिलं, 'नाक झाका' म्हटल्याबरोबर फलाटावरची झाडून सगळी माणसं दचकून मास्क वर ओढत होती. महिनोन्‌महिने मी त्यांना सविनय सुचवत होते, तेव्हा कुणी ढिम्म हललं नव्हतं. आता कुणी दुसऱ्याला खेटून उभा राहिला की बाकीचे त्याला ऐकवू लागले, "ए, चिकटू नका म्हटलंय ना तिने." नर्सबाया जाताजाता काचेबाहेरून अंगठा दाखवू लागल्या. भोंगा ड्रायव्हर तर म्हणाले, की घरी त्यांच्या सौभाग्यवती त्यांना उठता बसता 'काम नाही? मग घरी जा' म्हणतात, आणि ते घरीच असल्यामुळे जायचं कुठे हे त्यांना कळत नाही.

असं सुरळीत चाललेलं असताना दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, दाताने डोकं वर काढलं. गार पाणी लागलं की कपाळापर्यंत कळ जाई, मग गरम लागलं तरी जाऊ लागली, शेवटी नुसता वारा लागला तरी. दुसरी, वरच्या कार्यालयातून कुणीतरी स्थानकात येऊन गेलं आणि मंजूर मजकूर वाचला जात नाही म्हणून कंट्रोलरसाहेबांवर ताशेरे मारून गेलं. साहेब बिचारे काचेपाशी उभे राहिले. मिशी खाली होती. म्हणाले, "बाई, एक तर मजकूर वाचा, नाहीतर मला तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवावं लागेल." चौकशीची खिडकी! मामा, तो माइक माझा जीव की प्राण आहे हे एक. पण त्या खिडकीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे प्रत्येक माणूस आधी स्वतःचं तोंड आत घालतो, नीट ऐकू यावं म्हणून मास्क खाली करतो आणि मग विचारतो, गाडी कधी येणार.

हे ऐकलं आणि आईचा पवित्राच बदलला. रोज शंभर तोंडं खिडकीतून आत येण्यापेक्षा एकदा माझं तोंड बाहेर जाणं बरं, असा तिने हिशोब मांडला आणि दाताच्या दवाखान्याला स्वतः फोन लावला. पलीकडे तिथली मदतनीस मुलगी होती. आईने तिची उलटतपासणीच घेतली. खिडक्या उघड्या असतात का? पंखा हवा बाहेर टाकतो का आतल्या आत फिरवतो? अवजारं नुसती पुसता की वाफेत ठेवता? एका वेळी किती जण बसवता? ती मुलगी गुणाची निघाली, एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. एका वेळी एकच पेशंट. दोन पेशंटांच्या मध्ये खोली रिकामी ठेवून हवा खेळवतो, सगळं पुसतो. वाट बघायची ती खाली रस्त्यावर, आम्ही फोन करू तेव्हाच वर यायचं. अवजारं बंद पाकिटात, पाकीट तुमच्यासमोर फोडतो. घरी दम्याचं माणूस आहे म्हणता, तर दिवसातली पहिलीच वेळ घ्या, रात्रभर खोलीत कुणी आलेलं नसतं. आईने तोंडावरचा फोन बाजूला करून मला सांगितलं, "हिला आपल्याकडे महिनाभर ठेवून घ्यायला पाहिजे."

मग त्या मुलीने माझी तपासणी घ्यायला मला फोनवर बोलावलं. ताप? नाही. खोकला? नाही. आणि मग तिने विचारलं, "तुम्हाला वास येतो का?" मामा, मी म्हटलं, अहो, मी रोज आंघोळ करते, हल्ली तर दोनदा करावी लागते, आईला विचारा. ती म्हणाली तसा नाही हो, नाकाला, नाकाला वास येतो का? मी म्हटलं, सगळे येतात, साबणाचा जास्त येतो. आता या एका वाक्यात स किती आले ते मोजा. तिने काळजीने विचारलं, "ताई, तुम्हाला दम लागतोय का? छातीतून शिट्टी ऐकू येतेय."

"छातीतून नाही हो, दातातून!"

असं ते ठरलं. त्या दिवशी पहाटेच आईने मला तयार केलं. दोन मास्क, केसांवर टोपी, हातात पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात परत येताना घालायचा स्वच्छ मास्क. रणांगणावर निघालेल्या शूराला इतकं सामान नसेल. दवाखान्याखाली फुटपाथवर खडूने गोल काढलेले होते, त्यातल्या एकात जाऊन उभी राहिले. पलीकडच्या गोलात एक गृहस्थ गालाला मफलर गुंडाळून उभे होते, उपरण्यात गाठोडं बांधावं तसा त्यांचा गाल. मी आपलं सहज विचारलं, तुमचा नंबर केव्हाचा? तर ते डोळे विस्फारून म्हणाले, "अहो, तुम्ही तर आठच्या आधीची गाडी!" बेकरीवाले निघाले, पहाटेच्या गाडीने पाव घेऊन जातात. आवाजावरून ओळखलं त्यांनी! मास्क घातलेल्या बाईला कुणी नुसत्या आवाजावरून ओळखावं, याहून मोठा मान मला आजवर मिळालेला नाही. त्यांच्या दुकानात आता गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की त्यांची बायको माझ्यासारखा आवाज काढून 'चिकटू नका' म्हणते. हसता हसता त्यांचा गाल दुखला, त्यांनी तो धरला, आणि तो धरून परत हसले.

फोन आला, वर गेले. दारात कुणीतरी बंदुकीसारखं यंत्र कपाळाला लावून ताप पाहिला. आकडा इतका कमी आला की मी आहे ना याची मीच एकदा खात्री करून घेतली. आत खोलीत पांढऱ्या झग्यात, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं, डोळ्यांवर काच असलेलं एक माणूस उभं होतं. म्हटलं, याच डॉक्टरीणबाई. मी खुर्चीत बसले, मास्क काढला आणि सगळं सविस्तर सांगितलं. बाटलीपासून सुरुवात केली, पिंपाचं सांगितलं, कळ कपाळात कुठवर जाते ते बोटाने दाखवलं, आणि मोठ्ठा आ करून दात दाखवला. त्या माणसाने नीट वाकून पाहिलं. फार सहानुभूतीने मान हलवली. आणि पुरुषी आवाजात म्हणालं, "बाई, लई वाईट झालं. पण मी हवा बाहेर टाकायचा पंखा बसवायला आलोय." त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर वर करून दाखवला. मी तो एवढा वेळ दाताचाच समजत होते.

खऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्याही तशाच झग्यात, फक्त उंचीने कमी. पंखेवाल्याला त्यांनी बाहेर काढलं (जाताना तो मला "धीर धरा" म्हणून गेला), माझ्याकडून औषधी पाण्याच्या चुळा भरून घेतल्या आणि पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी आईच्या वतीने ते निरखून पाहिलं. मग त्यांनी हिरड्यांत एक सुई दिली, आणि तोंडावर रबराचा एक पातळ पडदा ताणून बसवला. त्याला एक भोक, भोकातून माझा एकटा दात बाहेर, बाकीचं तोंड पडद्याआड. याने तोंडातले तुषार हवेत उडत नाहीत म्हणे. फार हुशार शोध आहे, पण मामा, त्याने बोलता येत नाही. टिटवीच्या तोंडाला पडदा! तुम्ही तिथे असतात तर तो पडदा विकत मागितला असता. आणि वर डॉक्टरीणबाईंना गप्पांची हौस. त्याही सकाळी आमच्याच गाडीने येतात. त्या विचारणार, तुम्ही असं साधं बोलायचं ठरवलंत तरी कसं? मी म्हणणार, अं. त्या म्हणणार, अगदी बरोबर. माझ्या आयुष्यातला पहिलाच संवाद असेल ज्यात समोरचा माझ्या प्रत्येक मताशी सहमत होता.

काम सोपं नव्हतं. दाताला पडलेली चीर आतल्या नसेपर्यंत गेली होती की नाही, यावर दात राहणार की जाणार ते ठरणार होतं. डॉक्टरीणबाई गप्पा सोडून दातावर वाकल्या. मदतनीस मुलगी पाणी ओढणारी नळी धरून उभी. उघड्या खिडकीतून रस्त्यावरचा एक सायकलवाला घंटी वाजवत गेला तेवढाच आवाज. मी छताकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, माइक राहू दे, बाकी काही म्हणणं नाही. मग त्या म्हणाल्या, "नस शाबूत आहे. वाचला तुमचा दात." पंखेवाला बाहेरून ओरडला, "वाचला का?" त्याने दाराला कान लावलेला असावा.

मग त्यांनी दाताच्याच रंगाचा लगदा थराथराने बसवला, निळा दिवा दाखवून तो दगडासारखा केला, घासून गुळगुळीत केला. आरशात पाहिलं तर कुठला भाग माझा आणि कुठला त्यांचा, मला सांगता येईना. डॉक्टरीणबाई खिडकीपर्यंत मागे सरल्या आणि म्हणाल्या, आता म्हणून बघा काहीतरी. मी मास्क चढवला, खुर्चीतच ताठ बसले आणि सुरुवात केली, सर्व सन्माननीय प्रवाशांना सविनय सूचना, पासून सहकार्य करावे पर्यंत, एका दमात, एकही शिट्टी नाही. मदतनीस मुलीने टाळ्या वाजवल्या. पंखेवाल्याने बाहेरून वाजवल्या. खाली फुटपाथवरून, उघड्या खिडकीतून, सुजऱ्या गालाच्या बेकरीवाल्यांनीही वाजवल्या. मी खाली उतरले तेव्हा अर्धा ओठ बधिर होता आणि तरी मी हसत होते. मास्कच्या आत एका बाजूचंच हसू, पण होतं.

घरी आई दारामागे उभी होती. कपडे बादलीत, मी न्हाणीघरात, आणि मग तिने मला उजेडात नेऊन दात पाहिला. नंतरचे काही दिवस ती माझ्यापासून लांब झोपली आणि मी तिच्या खोकल्याकडे कान लावून राहिले. मामा, काही झालं नाही. ना तिला, ना मला. ज्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा एका टेबलाशी जेवायला बसलो, त्या दिवशी साधी खिमट खाल्ली, पण सणासारखी खाल्ली.

आता स्थानकाचं सांगते आणि आटोपतं घेते. पहिल्याच दिवशी मी मंजूर मजकूर असा वाचला की वरच्या कार्यालयाने चौकटीत लावावा. एकही गाडी हलली नाही. आणि मामा, एकही माणूस हललं नाही! नाकं पुन्हा बाहेर, खेटाखेटी पुन्हा सुरू. एक नर्सबाई काचेशी येऊन विचारून गेली, त्या पहिल्या बाईंची बदली झाली का हो? दुपारपर्यंत कंट्रोलरसाहेबच आले. इकडे तिकडे बघून खाली वाकले आणि काचेच्या फटीतून म्हणाले, "मजकूर एकदा वाचा. कागदावर तेवढं पुरे. आणि मग ते... तुमचं ते वाचा." मी विचारलं, कुठलं साहेब? तर म्हणाले, "तेच हो. नाक कुणाला बघायचं नाहीये, ते." मिशी वर होती. तेव्हापासून दोन्ही घोषणा होतात, आधी सरकारची, मग माझी.

तब्येतीला जपा. गुडघ्याला शेक द्या, मामींना बोलू द्या. घाबरून कुठलं दुखणं अंगावर काढू नका. मला विचाराल तर दातांच्या खुर्चीत भिण्यासारखं काही नाही, मी तर तिथे हसत बसले होते. पत्र लांबलं, पण तोंड बंद पडलेल्या भाचीकडून एवढं तरी येणारच. थोरांना वाकून, धाकट्यांना लांबून,

तुमची
टिटवी

ता. क. एक राहिलंच. तुमच्याकडे आईचा एक जुना फोटो आहे म्हणे, ज्यात ती खदखदून हसते आहे आणि सगळे दात दिसताहेत. कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर मोडून तुम्ही आत पडलात, त्या दिवशीचा. तो तुम्ही कुठेतरी दडवून ठेवला आहे असं आईचं म्हणणं. तो हवा आहे. कारण असं, की आईचे पुढचे दात गेल्याला आता बरीच वर्षं झाली आणि तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरते, हे तुम्ही जाणताच. पण मास्क आल्यापासून कुणाला दिसत नाही म्हणून ती हात न धरता हसायला लागली आहे. जिन्यात, दारात, भाजीवाल्याशीसुद्धा. शेजारच्या वहिनी मला विचारत होत्या, तुमच्याकडे कोण नवीन पाहुणी आली आहे? परवा तीच म्हणाली, "हे मास्क एक दिवस जातील. मग गं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. दिवसातली पहिली वेळ, खिडक्या उघड्या, सगळं तसंच करतील. कवळी बसवू म्हणाल्या, पण पूर्वी दात कसे होते ते बघायला एक हसरा फोटो आणा. घरातले सगळे फोटो शोधले. सगळ्यांत हिचं तोंड बंद. हे सगळं पत्र खरं म्हणजे या फोटोसाठी आहे. नुसता मागितला असता तर तुम्ही दिला नसतात.

दुसरा ता. क., आईच्या हातचा. चि. भाऊस, आशीर्वाद. हिने दातांच्या खुर्चीत हसत बसल्याचं लिहिलंय, ते खोटं आहे. डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं, सुई दिसल्याबरोबर हिने डोळे गच्च मिटले आणि पंखेवाल्याला परत आत बोलवा म्हणाली. असो. माझंही तसंच होणार, म्हणून हिला काही बोलले नाही. तो फोटो पाठव, भाऊ. मी हसताना कशी दिसायचे हे आता माझंच मला आठवत नाही. त्यात तू चड्डी फाटलेली, डोक्यावर पिसं आणि भोकाड पसरून रडतोयस, म्हणून देत नाहीस, मला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना दाखवताना तुझ्यावर अंगठा ठेवून धरीन.